वाइन जितकी जुनी तितकी चांगली? नाही!

‘जितकी जुनी तितकी चांगली’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय, आणि त्यापायी कितीतरी चांगल्या बाटल्या कपाटात पडून वाया जातात. फ्रान्समधल्याही बहुतेक रेड वाइन थोड्या वर्षांतच प्यायच्या असतात. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येणारी बोजोले नूव्हो ही ताजी, हलकी रेड वाइन तर काही महिन्यांतच संपवावी.

मुरतात त्या मोजक्याच. फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या पोइयाक गावची चांगली रेड वाइन घ्या, मुख्यतः काबर्ने सोव्हिन्यों द्राक्षाची. कोवळेपणी तिच्यातलं टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतला तुरट घटक, कच्च्या सुपारीसारखं तोंड आवळतं. पुढे टॅनिनचे रेणू एकमेकांना जोडले जातात, काही गाळ होऊन तळाशी बसतात आणि चव मऊ होते. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून वाइनची कड पाहा: जांभळी असेल तर वाइन कोवळी, विटकरी असेल तर मुरलेली. वासातही ताज्या फळांच्या जागी देवदार, तंबाखू, चामडं येऊ लागतं. मला हाच टप्पा सर्वांत सुंदर वाटतो, पण तो कायम टिकत नाही. फळाचा गंध विरून नुसता आंबटपणा उरला, की वाइन उतरणीला लागली. मग लेबलावर द्राक्षहंगामाचं १९८२ सारखं नावाजलेलं वर्ष का असेना. आपल्या उन्हाळ्यात तर ही उतरण फारच लवकर येते. १२-१३ अंशांची अंधारी जागा नसेल, तर बाटली राखून ठेवू नका, उघडा.