घरात टीव्ही नसला तरी जर्मनीत भरावं लागणारं टीव्ही शुल्क: कोणी, कसं, कोणत्या कागदांवर

जर्मनीत राहायला आल्यावर काही आठवड्यांत कोलोनहून एक पत्र येतं. पाठवणाऱ्याचं नाव ‘बायट्रागसर्व्हिस’, मजकूर सगळा जर्मनमध्ये. जाहिरात समजून ते टाकून देऊ नका. एआरडी, झेडडीएफ आणि डॉइचलांडराडिओ या सार्वजनिक प्रसारकांसाठी घेतल्या जाणाऱ्या शुल्काचं, म्हणजे ‘रुंडफुंकबायट्राग’चं ते पत्र असतं.

‘माझ्याकडे टीव्हीच नाही, मी मोबाइलवर मराठी मालिका बघतो’ हे उत्तर इथे चालत नाही. 2013 पासून शुल्क टीव्हीवर नाही, घरावर आहे. ऑगस्ट 2021 मध्ये ते महिना 18.36 यूरो झालं, म्हणजे तिमाहीला 55.08. नागरिकत्व कुठलं, व्हिसा कुठला, याने फरक पडत नाही.

बायट्रागसर्व्हिसला तुमचा पत्ता कळतो तो आनमेल्डुंगमधून, म्हणजे पत्त्याच्या नोंदणीतून. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पासपोर्ट आणि घरमालकाने सही केलेला राहण्याचा दाखला घेऊन पालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. तिथली माहिती आपोआप पुढे जाते. शुल्क राहायला आलात त्या महिन्याच्या 1 तारखेपासून लागतं, मग तुम्ही 28 तारखेला का आला असेनात.

पत्राचं उत्तर ऑनलाइन देता येतं. नऊ आकडी बायट्राग क्रमांक मिळाला की तो जपून ठेवा, पुढच्या प्रत्येक पत्रव्यवहारात तोच लागतो. पैसे बँक खात्यातून थेट वळते करायची परवानगी दिली की तारीख चुकायची भीती नाही.

एका घराचं शुल्क एकदाच. नवरा-बायको असोत की वेगेमध्ये, म्हणजे शेअर फ्लॅटमध्ये, राहणारे चौघे, एकाने भरलं की पुरे. बाकीच्यांनी भरणाऱ्याचं नाव आणि त्याचा क्रमांक कळवायचा. पण तो घर सोडून गेला की दुसऱ्या कोणीतरी लगेच स्वतःच्या नावाने नोंद करायला हवी. वसतिगृहात मात्र नीट बघा: खोलीचं दार सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या मोकळ्या पॅसेजमध्ये उघडत असेल, तर ती एक खोलीच स्वतंत्र घर धरली जाते.

सवलतीबाबत आपल्या मुलांची निराशा होते. विद्यार्थी आहोत एवढ्यावर माफी मिळत नाही. बाफॉग ही सरकारी शिक्षणमदत किंवा ब्युर्गरगेल्डसारखा सामाजिक भत्ता मिळणाऱ्यांना अर्जावर माफी मिळते, आणि भारतातून शिकायला आलेल्यांना बाफॉग सहसा मिळत नाही. माफीच्या अर्जासोबत मंजुरीपत्राची प्रत जोडायची. पात्रता आधीपासून असेल तर तीन वर्षं मागपर्यंत माफी मागता येते. अपंगत्वाच्या ओळखपत्रावर ‘आरएफ’ खूण असलेल्यांना शुल्क एक तृतीयांश, म्हणजे 6.12 यूरो.

उत्तरच दिलं नाही तर ते तुमची नोंद परस्पर करतात, मागची थकबाकी लावतात, त्यावर किमान 8 यूरो विलंब आकार चढतो आणि प्रकरण सक्तीच्या वसुलीपर्यंत जाऊ शकतं.

भारतात परत जाताना पालिकेतून पत्ता काढून टाकणं वेगळं आणि हे शुल्क बंद करणं वेगळं. पालिकेत घर सोडण्याच्या आठवडाभर आधीपासून जाता येतं. तिथला दाखला जोडून बायट्रागसर्व्हिसला स्वतः कळवा, आणि विमानात बसण्याआधीच कळवा. कारण तुम्ही घर सोडलंत तो महिना आणि कळवलंत तो महिना, यांतला जो नंतरचा असेल तो संपेपर्यंत शुल्क चालू राहतं.