चाळिशी: बारीक काम आणि थकलेली नजर

जवळचं वाचायच्या चष्म्याला मराठीत ‘चाळिशी’ म्हणतात. वस्तूला थेट वयाचंच नाव पडलं आहे. पण हा आकडा सगळ्यांना सारखा लागू पडत नाही. नांगर धरणाऱ्याचं चष्म्यावाचून पन्नाशीपर्यंत फारसं अडत नाही. सोनार, रफूगर, जरदोजीचा कारागीर किंवा पैठणीच्या पदरावर मोर विणणारा विणकर यांना मात्र पस्तिशीतच कपाळ दुखणं, डोळ्यांतून पाणी येणं, संध्याकाळी तार दुहेरी दिसणं सुरू होतं. ‘नजर गेली’ असं म्हणून अनेक जण बारीक काम सोडून देतात आणि कमी मजुरीच्या जाड कामाकडे वळतात. वास्तविक नजर गेलेली नसते. हे उमगायला वैद्यकाला बराच काळ लागला, आणि उमगल्यावरही ते कारागिराच्या ओसरीपर्यंत पोचलं नाही, हे मला या इतिहासातलं खरं दुःख वाटतं.

बारीक काम करणाऱ्यांच्या डोळ्यांची नीट दखल घेतली वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी. इटलीतल्या मोदेना शहरात १७०० साली त्यांचा कामगारांच्या आजारांवरचा ग्रंथ छापला गेला. रोग्याला वैद्य जे प्रश्न विचारतो त्यांत ‘तू काम काय करतोस?’ हा प्रश्न हवा, असं सांगणारे ते हेच. सोनार, घड्याळजी, छोटी चित्रं रंगवणारे यांच्याबद्दल त्यांनी वेगळं प्रकरण लिहिलं: डोळा तासन्‌तास एकाच बारीक वस्तूवर रोखून धरावा लागतो आणि त्यातूनच तो दुबळा होतो. उपाय म्हणून त्यांनी चष्मा सांगितला, आणि मधूनमधून मान वर करून नजर दुसरीकडे फिरवायला सांगितली. आजचा नेत्रतज्ज्ञही याहून फार वेगळं सांगत नाही. दाट वस्तीत राहून दिवसा खिडकीशी आणि रात्री लहानशा दिव्यापाशी शिवणकाम करणाऱ्या ज्यू बायकांबद्दलही त्यांनी लिहिलं आहे. चाळिशीला येईतो त्यांची दृष्टी मंदावते, ही त्यांची नोंद. इथेही चाळीसच.

तेव्हा चष्मा काही नवा नव्हता. इटलीत तो तेराव्या शतकाच्या अखेरीपासून होता. तरी कारागिरांनी आधी आधार शोधला तो उजेडाचा. इंग्लंडमधल्या बेडफर्डशर, बकिंगहॅमशर भागात लेस विणणाऱ्या बायका एका उंच तिवईवर मेणबत्ती लावत आणि तिच्याभोवती पाण्याने भरलेले काचेचे गोल चंबू ठेवत. प्रत्येक चंबू भिंगासारखा ज्योतीचा उजेड एकवटून एकेकीच्या कामावर पाडे. सर्वांत कुशल बाई दिव्याच्या सर्वांत जवळ बसे आणि शिकाऊ मुली मागच्या रांगांत. म्हणजे ज्यांच्या हाताला अजून वळण नव्हतं, त्यांच्याच वाट्याला अंधूक उजेड. आपल्याकडे सोनार दाराशी किंवा खिडकीशी बैठक मांडतो, त्यामागे हाच हिशेब आहे.

एकोणिसाव्या शतकात डॉक्टरांनी या दुखण्याला नाव दिलं, पण सुरुवातीला दोष दिला तो डोळ्याला. जवळचं काम करताना अक्षरं धूसर होतात, डोळे शिणतात, आणि तपासावं तर डोळा निरोगी. तेव्हा हा मूळचाच दुबळेपणा असला पाहिजे, अशी समजूत होती. ग्लासगोचे नामांकित नेत्रवैद्य विल्यम मॅकेन्झी यांनी १८४० च्या दशकात यावर सविस्तर लिहिलं. असा त्रास होणाऱ्या शिंप्यांना, शिवणकाम करणाऱ्या मुलींना त्यांचा सल्ला असे की धंदा सोडा आणि उघड्यावरचं काम धरा. वर्षानुवर्षं हात बसवलेल्या माणसाला ‘आता मेंढ्या राखा’ असं सांगितल्यावर त्याला काय वाटलं असेल!

हे चित्र बदललं नेदरलँड्समधल्या उत्रेख्तचे नेत्रवैद्य फ्रान्सिस्कुस डोंडर्स यांनी. १८६४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी दाखवून दिलं की अशा बहुतेक रुग्णांना छुपी दूरदृष्टिता असते. डोळ्याची समायोजन शक्ती, म्हणजे अंतराप्रमाणे नजर जुळवून घेण्याची ताकद, दूरचं पाहतानाच थोडी खर्ची पडते, मग जवळच्या कामाला ती पुरत नाही. बहिर्गोल भिंग लावलं की त्रास थांबतो. वयानुसार ही शक्ती कशी घटत जाते, तेही त्यांनी मोजून मांडलं.

त्याचा हिशेब सोपा आहे. वस्तू डोळ्यापासून ४० सेंटिमीटरवर असेल, जसं वर्तमानपत्र, तर डोळ्याला अडीच डायॉप्टर (भिंगाची शक्ती मोजायचं एकक) जोर लावावा लागतो. २५ सेंटिमीटरवर चार, आणि २० सेंटिमीटरवर पाच. चाळिसाव्या वर्षी सर्वसाधारण डोळ्यात पाच-सहा डायॉप्टर उरलेले असतात, आणि त्यातले निम्मे हाताशी राखले तरच दिवसभर काम सुखाने होतं. वर्तमानपत्र वाचणाऱ्याचं त्यात कसंबसं भागतं. दागिना नाकाशी धरणारा सोनार मात्र आपली सगळी पुंजी रोज उधळत असतो, म्हणून त्याची ‘चाळिशी’ आधी येते. घड्याळजी डोळ्याला भिंग लावतो तेव्हा वस्तू मोठी दिसते एवढंच नाही. डोळ्याचा बराचसा भार ते भिंग उचलतं.

ब्रिटनच्या औद्योगिक थकवा संशोधन मंडळासाठी वेस्टन आणि ॲडम्स यांनी हेच कारखान्यात तपासलं. अतिबारीक काम करणाऱ्यांना खास जवळचे चष्मे दिले तर ताण कमी होतो आणि काम वाढतं, असे त्यांचे १९२८ आणि १९२९ चे अहवाल सांगतात. ज्यांची नजर चांगली होती त्यांनाही फायदा झाला.

भारताच्या १९४८ च्या कारखाना कायद्यात डोळ्यांच्या ताणाचा उल्लेख होता. ताण येईल अशा सावल्या कामाच्या जागी पडू देऊ नयेत, असं कलम १७ मध्ये लिहिलं होतं. पण हा कायदा विजेवर चालणाऱ्या जागी किमान १० आणि विजेविना २० कामगार असतील तिथेच लागू होई. त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेने हे आकडे २० आणि ४० केले. येवल्यात घरातच माग असलेला विणकर, हुपरीत चांदीच्या पैंजणांचं काम घरी आणून करणारी बाई, मुंबईतल्या पोटमाळ्यावर कारचोबाभोवती (जरदोजीच्या लाकडी चौकटीभोवती) बसलेली चार पोरं यांच्यापर्यंत तो कधी पोचलाच नाही.

गेल्या काही वर्षांत हा विषय पुन्हा पुढे आला तो मजुरीच्या अंगाने. आसामच्या मळ्यांत पानं खुडणाऱ्या चाळिशीपुढच्या ७५१ कामगारांवरचा प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला: ज्यांना जवळचा चष्मा दिला त्यांच्या कामातली वाढ इतरांपेक्षा सुमारे २२ टक्के जास्त होती. बांगलादेशात ३५ ते ६५ वयाच्या ८२४ जणांवरचा, शिंपी आणि हस्तकारागीरही असलेला अभ्यास २०२४ मध्ये आला. चष्मा मिळालेल्यांची मधली मासिक कमाई आठ महिन्यांत सुमारे ३५ डॉलरवरून ४७ वर गेली, बाकीच्यांची होती तिथेच राहिली. जवळच्या चष्म्यावाचून अडलेली माणसं जगात ८२ कोटी ६० लाख आहेत, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालात म्हटलं आहे.

चष्मा मिळाला तरी एक अडचण उरते. पदपथावर वय विचारून दिला जाणारा तयार चष्मा वाचनाचं अंतर धरून ठरवलेला असतो. दुकानात तपासतानाही हातात वाचायचा कागद दिला जातो आणि तो लोक सवयीने ४० सेंटिमीटरवर धरतात. त्या नंबराने पैठणीची तार किंवा कुंदनाचं घर दिसेल असं नाही. कारागिराने तपासणीला जाताना आपलं काम सोबत न्यावं, रोज जसं धरतो तसंच ते धरून दाखवावं आणि डोळ्यापासूनचं अंतर टेपने मोजून घ्यायला सांगावं.