गिरणगाव

मुंबईतला लालबाग, परळ, काळाचौकी, चिंचपोकळी, डिलाईल रोड, शिवडी, नायगाव, वरळी असा सगळा पट्टा म्हणजे गिरणगाव. सरकारी नकाशात या नावाचा वॉर्ड शोधू नका, मिळणार नाही, नाव लोकांनीच पाडलं. कावसजी दावर यांची पहिली सूतगिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली, मग गिरण्या वाढत गेल्या आणि माणसं कमी पडायला लागली, ती आली कोकणातून आणि घाटावरून म्हणजे सातारा, सांगली, कोल्हापूर वगैरे भागातून.

आलेला माणूस गाव सोडून आलाच नाही, गाव बरोबर घेऊन आला. एका गावच्या लोकांची चाळीत एक खोली असायची, भिंतीला लागून ट्रंका, वर दोरीवर कपडे, आणि झोपायचं पाळीप्रमाणे, म्हणजे रात्रपाळीवाला सकाळी आला की दिवसपाळीवाल्याने सोडलेल्या जागेवर पथारी टाकणार. बायको-पोरं गावी, शेतीवर. मग जेवणाचं काय? खानावळवाली बाई. दहा-पंधरा जणांचे डबे, पैसे पगाराला, तोवर वाण्याची उधारी हिच्या डोक्यावर. याच बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. गिरणगावावर लिहिताना पुढारी सगळ्यांना आठवतात, या बायका मात्र राहून जातात.

भोंगा झाला की अख्खा एरिया हलायचा. कामावर घ्यायचं की नाही हे जॉबरच्या, म्हणजे माणसं भरणाऱ्या मुकादमाच्या हातात, कायम नसलेला बदली कामगार रोज गेटवर उभा, आज कोण गैरहजर आहे बघत. आणि जात गेटबाहेर राहत नव्हती हं. विणकाम खात्यात पगार बरा, पण तिथे धोट्याच्या (मागावर आडवा धागा नेणारं साधन) भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावं लागायचं, एकाचा उष्टा धोटा दुसऱ्याच्या तोंडी, म्हणून अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात शिरूच देत नसत. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात हाच मुद्दा डॉ. आंबेडकरांनी लावून धरला. बाबासाहेब स्वतः परळच्या चाळीत राहिलेले, त्यांना हे कोणी सांगायची गरज नव्हती.

राजकारण इथे फार आधीपासून. टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली तर वर्षाला एक दिवस या हिशोबाने सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या. १९२८ मध्ये गिरणी कामगार युनियन आली, कम्युनिस्ट पुढारी डांगे आले, त्यांचा लाल बावटा आला आणि पुढे चाळीस वर्षं बऱ्यापैकी टिकला. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर या शाहिरांचं कलापथक याच वस्तीत वाढलं आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या डफावर मैदानं भरायची. राज्य मिळालं १ मे १९६० ला. त्यानंतर सहाच वर्षांत शिवसेना. १९७० मध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला, पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक जिंकले, तो सेनेचा पहिला आमदार. झेंडा बदलला पण चाळ तीच, आणि बऱ्याच घरांत बाप लाल बावट्यात नि पोरगा सेनेच्या शाखेत.

१८ जानेवारी १९८२ ला कामगार पुढारी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली साधारण अडीच लाख कामगार संपावर गेले. बोनस-पगारवाढ होतीच, पण खरा राग १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्यावर, त्यात मान्यता एकाच युनियनला आणि ती राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे, कामगारांना ती नको होती तरी. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, म्हणजे कागदावर म्हणाल तर तो अजून चालूच आहे. पण कामं गेली ती गेलीच, कोणी गावी गेलं, कोणी वॉचमन झालं, कोणी भाजीची गाडी लावली.

नंतरची गोष्ट जमिनीची. १९९१ च्या नियमात गिरणीची जमीन विकसित करताना एक तृतीयांश पालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला, उरलेली मालकाला असं होतं, २००१ ला त्यात बदल करून ही वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती ठेवली, आणि गिरण्यांत मोकळी जागा असते किती, सगळी शेड आणि गोदामं! फिनिक्स मिलचा मॉल झाला, चिमणी तेवढी ठेवलीय, लोक तिच्याखाली फोटो काढतात. कामगारांच्या घरांसाठी म्हाडाची लॉटरी निघते, अर्जदार बरेचदा आता मुलगा किंवा सून असते, आणि कागदपत्रांत मागतात ते कामगाराचं गिरणीतलं जुनं नंबराचं तिकीट नाहीतर पगाराची चिठ्ठी, जी बहुतेक घरांत गावच्या ट्रंकेत सापडते.