हसायला १७ स्नायू, आठ्यांना ४३?

‘आनंदी राहणं सोपं, हसायला १७ स्नायू लागतात, आठ्या घालायला ४३’ हा सुविचार वर्षानुवर्षं फिरतोय. हेतू चांगलाच, पण आकड्यांना आधार नाही. दुसऱ्या फॉरवर्डमध्ये तेच १३ आणि ६२ होतात, शंका तिथेच यावी. चेहऱ्यावर हावभावांच्या स्नायूंच्या साधारण वीसेक जोड्या असतात. ओठांचे कोपरे वर खेचायला मुख्यतः एक जोडी पुरते. भुवया जवळ आणायलाही एकच. बाकीचे किती सामील होतील, ते हसू कसलं यावर. आरशासमोर फोटोपुरतं हसून बघा: गाल हलतात, डोळे बहुधा तसेच. मग कुणी खरंच हसवलं की पुन्हा बघा, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडतात. म्हणजे मनापासूनच्या हसण्याला उलट जास्तच स्नायू लागतात!