फोटोअकूस्टिक प्रतिमांकन

शरीरात लेसरचा प्रकाश सोडायचा, त्यामुळे आत उमटणारा श्राव्यातीत ध्वनी त्वचेवर टिपायचा आणि त्यावरून खोलवरच्या ऊतकांचे चित्र उभे करायचे, अशी ही वैद्यकीय तपासणीची पद्धत आहे.

प्रकाश ऊतकात शिरताच इतका विखुरतो की साधारण मिलिमीटरभर खोलीनंतर सूक्ष्मदर्शकाला स्पष्ट काही दिसत नाही. ध्वनी त्याच्या शेकडो पटींनी कमी विखुरतो. पण साध्या सोनोग्राफीला रक्तात ऑक्सिजन किती आहे ते कळत नाही. या पद्धतीत दोघांचे गुण एकत्र येतात.

लेसरचा झोत काही नॅनोसेकंदच टिकतो. रक्तातील हिमोग्लोबिन तो शोषून घेते आणि तेथील तापमान एका अंशाच्या हजाराव्या भागाइतके वाढते. एवढ्याशा उष्णतेनेही दाब सुमारे 800 पास्कलने वाढतो आणि ध्वनिलहर निघते. प्रकाश जवळजवळ तत्क्षणी पोहोचत असल्याने लहरीला लागलेल्या वेळेवरूनच खोली कळते: 3 सेंटिमीटरवरून ती सुमारे 20 मायक्रोसेकंदांत पृष्ठभागी येते. सोनोग्राफीत ध्वनीला जाऊन परत यावे लागते, इथे फक्त यावे लागते. ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन 850 नॅनोमीटर तरंगलांबीला, तर ऑक्सिजनरहित 750 नॅनोमीटरला अधिक प्रकाश शोषते. दोन्ही मोजमापांची तुलना केली की रक्तवाहिनीतील ऑक्सिजनचे प्रमाण काढता येते. कोणतेही रंगद्रव्य न टोचता ही माहिती मिळते, हे या पद्धतीचे सर्वांत मोठे बळ.

प्रकाशापासून ध्वनी निर्माण होतो हे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना 1880 मध्येच आढळले होते. वैद्यकीय उपयोगासाठी मात्र लेसर, संवेदनशील ध्वनिग्राहक आणि वेगवान संगणक येईपर्यंत थांबावे लागले. या क्षेत्रातील संशोधक लिहाँग वाँग यांच्या गटाने 2003 मध्ये जिवंत उंदराच्या मेंदूची प्रतिमा त्वचा आणि कवटी न उघडता मिळवली. 2018 मध्ये अमेरिकेतील कॅलटेक या विद्यापीठातील त्यांच्याच गटाने सुमारे 15 सेकंदांत, रुग्णाने एकदा श्वास रोखून धरला असताना, स्तनातील 4 सेंटिमीटर खोलीपर्यंतच्या रक्तवाहिन्या दाखवल्या. अर्बुदाभोवती (ट्यूमरभोवती) रक्तवाहिन्या दाट होत असल्याने स्तनाच्या तपासणीत ही पद्धत विशेष उपयोगी ठरते, शिवाय तिला क्ष-किरण लागत नाहीत. स्तनातील गाठींच्या निदानासाठी सोनोग्राफीला जोडून वापरायच्या अशा एका उपकरणाला अमेरिकेत 2021 मध्ये मान्यता मिळाली.

मर्यादाही आहेत. प्रकाश काही सेंटिमीटरच्या पुढे पुरत नाही. प्रौढ माणसाची जाड कवटी ध्वनी विकृत करते आणि हवेमुळे तो अडतो, म्हणून फुप्फुसे आवाक्याबाहेर राहतात. सावळ्या त्वचेतील मेलॅनिन बराच प्रकाश वरच शोषते. त्यामुळे खोलवरचा संकेत दुबळा होतो आणि ऑक्सिजनचे मापन चुकू शकते. भारतीय रुग्णांच्या दृष्टीने हा मुद्दा कळीचा आहे.