रियाज पक्का, तरी गज का थरथरतो?

मंचावर वादकाचा हात थरथरला की ‘रियाज कमी पडला’ किंवा ‘मन कच्चे आहे’ असा निवाडा झटकन दिला जातो. तो शरीरशास्त्राला धरून नाही.

मुळात प्रत्येकाचा हात सदैव थरथरत असतो, सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा. मात्र हा कंप इतका सूक्ष्म असतो की एरवी जाणवत नाही. स्नायुतंतूला मज्जातंतूकडून लागोपाठ इशारे मिळतात, आधीचा झटका ओसरण्यापूर्वी पुढचा येतो आणि झटके एकमेकांत मिसळून ताण जवळजवळ सलग राहतो. भीती वाटताच मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात ॲड्रेनलिन सोडतात. ते स्नायुतंतूंवरील ‘बीटा-२’ ग्राहींना (असे रासायनिक इशारे टिपणाऱ्या रेणूंना) चिकटले की संथ तंतू नेहमीपेक्षा लवकर सैलावतात, दोन झटक्यांमध्ये फट पडते आणि दबलेला कंप मोठा होतो. व्हायोलिनचा गज हलक्या दाबाने सावकाश ओढताना तो तारेवर स्पष्ट ऐकू येतो. जलद वादनात तो बराचसा झाकला जातो.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तंतुवाद्यवादकांना या ग्राहींना अडवणारे ऑक्सप्रेनोलॉल हे औषध दिले असता घबराट कमी होऊन वादन सुधारले. तरीही अशी औषधे परस्पर घेऊ नयेत. दमा असलेल्यांच्या श्वासनलिका त्यांमुळे आकसू शकतात.

‘दोन मिनिटे छाती पुढे काढून उभे राहा, हार्मोन बदलतील’ हा २०१० मधील गाजलेला दावा २०१५ मधील मोठ्या प्रयोगात टिकला नाही, पण त्याचे व्हिडिओ अजून जोरात आहेत. ताईत आणि भाग्यरत्नांची गोष्ट तर सोडाच.

श्वास सोडताना मेंदूकडून हृदयाकडे जाणारा व्हेगस मज्जातंतू हृदयाची गती कमी करतो, म्हणून लांब उच्छ्वासाने धडधड थोडी आवरते. व्हेगस हाताच्या स्नायूंपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे गजाची थरथर तेवढ्याने लगेच थांबेल अशी अपेक्षा करू नये. रक्तातले ॲड्रेनलिन मात्र काही मिनिटांत निम्म्याहून कमी होते, नवी भर पडली नाही तर. म्हणून कार्यक्रमाची सुरुवात लांब, हळुवार स्वरांनी न करता हात मोकळा चालणाऱ्या रचनेने करणे शहाणपणाचे. आणि घरी कधी जिना धावत चढून, छाती धडधडत असतानाच वाद्य हाती घ्यावे, म्हणजे वाढलेल्या ठोक्यांत वाजवणे अगदीच अनोळखी राहत नाही.