जलरंगातील आधुनिक स्थिरचित्रण (ठाणे–नवी मुंबई)

टेबलावर, ओट्यावर किंवा जमिनीवर मांडलेल्या वस्तूंसमोर बसून त्यांचे जलरंगात केलेले चित्र. परीक्षेच्या वेळापत्रकात याला स्थिरचित्र म्हणतात, जाडजूड ग्रंथांत स्थिरवस्तुचित्रण, आणि बोलताना सगळेच ‘स्टिल लाइफ’. वस्तूंच्या मांडणीला ‘ग्रुप’ हा शब्द रूढ आहे; ग्रुप ‘लावतात’. स्थिर हा शब्द मात्र सैलपणे घ्यावा लागतो. कापलेली पपई, देठावरून खुडलेली जास्वंद आणि सकाळी बाजारातून आणलेला पापलेट ही तिन्ही या प्रकारात बसतात, आणि तिन्ही चित्र पुरे होईपर्यंत थांबत नाहीत.

महाराष्ट्रात या प्रकाराशी बहुतेकांची पहिली गाठ शाळेत पडते. कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षांपैकी एलिमेंटरीला वस्तुचित्र असते आणि इंटरमिजिएटला स्थिरचित्र. दहावीच्या वाढीव गुणांमुळे ठाणे, ऐरोली, वाशी, नेरूळ या पट्ट्यात या परीक्षांना बसणारी मुले घरोघर सापडतात, आणि त्यांच्यासाठी चालणारे ड्रॉइंगचे क्लासही. तिथला ग्रुप ठरलेला असतो. मागे उंच माठ किंवा कळशी, पुढे तांब्या, त्याच्या पायाशी दोन कांदे नि एक वांगे, पाठीमागून चुण्या पाडत खाली आलेले कापड, उजेड डावीकडून. या मांडणीत शिकण्यासारखे पुष्कळ आहे: लंबवर्तुळ, छायाप्रकाश, पडछाया, कापडाची चुणी. पण तिचा ठसा इतका खोल उमटतो की वीस वर्षे नोकरी करून माणसाने पुन्हा ब्रश हातात घेतला तरी उंच वस्तू आपोआप मागे जाते आणि कांदे पुढे येतात. या भागात जलरंगातल्या आधुनिक स्थिरचित्राची सुरुवात बहुधा हा ग्रुप मोडण्यापासून होते.

आधुनिक म्हणजे काय, याविषयी एक गैरसमज बराच पसरलेला आहे. तांब्याच्या जागी मोबाइल, चार्जर आणि कॉफीचा मग ठेवला की चित्र आधुनिक झाले, असे नवशिक्यांना वाटते. तसे होत नाही. मांडणी परीक्षेचीच राहिली तर मोबाइलही कांद्यासारखाच दिसतो. उलट जुना पितळी डबासुद्धा आधुनिक चित्रात चालतो, जर तो कागदाच्या कडेला अर्धा कापला गेला असेल, मधला भाग रिकामा सोडला असेल आणि पडछायेला डब्याइतकेच वजन दिले असेल. फरक वस्तूंत नसून त्यांच्यामधल्या जागेत आहे. जलरंगात ही जागा म्हणजे बहुतेक वेळा न रंगवलेला कागद.

कोऱ्या कागदाला हा मान मिळवून देण्यात फ्रेंच चित्रकार पॉल सेझान (१८३९–१९०६) यांचा वाटा सर्वांत मोठा. त्यांच्या अखेरच्या वर्षांतल्या जलरंगांत पेन्सिलच्या रेघांवर पारदर्शक रंगाचे थोडे पट्टे येतात, सफरचंदाचा सर्वांत उजळ भाग कागदच राहतो आणि कित्येक ठिकाणी वस्तू कुठे संपते हे पाहणाऱ्यावर सोडलेले असते. इटलीत जोर्जो मोरांदी (१८९०–१९६४) यांनी बोलोन्यातल्या घरी, झोपण्याच्या खोलीचाच स्टुडिओ करून, त्याच त्या बाटल्या आणि डबे आयुष्यभर रंगवले. उतारवयातल्या त्यांच्या जलरंगांत तर दोन बाटल्यांमधली फटच चित्राचा विषय होऊन बसते. वन बीएचकेमध्ये पलंगाच्या कडेला ड्रॉइंगबोर्ड टेकवून काम करणाऱ्या ठाणेकराला मोरांदी जवळचे वाटावेत यात नवल नाही.

आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टने (स्थापना १८५७) पारदर्शक जलरंगाची शिस्त रुजवली. सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचे हातात समई घेतलेल्या तरुणीचे ‘ग्लो ऑफ होप’ हे म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधले जलरंगचित्र या शिस्तीचा कळस मानले जाते. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्यांचे समजतात, हा हळदणकरांवर कायमचा झालेला अन्याय. ते व्यक्तिचित्र आहे, तरी बोटांच्या फटींतून झिरपणारा उजेड ज्याने जलरंगात आणून दाखवला, त्याच्याकडून काचेचा ग्लास रंगवणाऱ्यालाही शिकता येते.

स्थिरचित्राला मात्र आपल्या आधुनिक कलेत मानाची जागा दिली ती कृष्णाजी हौळाजी आरा (१९१४–१९८५) यांनी. सिकंदराबादजवळच्या बोलारममधून लहानपणीच मुंबईला पळून आलेला हा माणूस. मोटारी धुऊन, लोकांच्या घरी नोकरी करून त्याने पोट भरले आणि बरेचसे शिक्षण स्वतःचे स्वतःच घेतले. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या सहा संस्थापकांत सूझा, रझा, हुसेन, बाकरे आणि गाडे यांच्याबरोबर आरा होते. इतरांची नजर मोठ्या विषयांकडे असताना ते फुलदाणी, फळे आणि भांडी घेऊन बसले. जलरंग आणि गुआश (अपारदर्शक जलरंग) ते तैलरंगासारखे दाट लावत. जे. जे.च्या पारदर्शक शिस्तीत वाढलेल्या डोळ्यांना हे रांगडे वाटते, आणि आरांची ताकद त्या रांगडेपणातच आहे. फुलदाणी जवळजवळ कागदभर फुगते, फुले चौकटीला धडका देतात. पुढच्या पिढीत प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांनी घड्याळ, पान, फळ अशा वस्तू एकमेकींपासून सुट्या करून पोकळीत ठेवल्या. त्यांचे गाजलेले काम कॅनव्हासवर एनॅमल रंगांत आहे; तरी वस्तूभोवती किती जागा सोडायची, हे जलरंग करणाऱ्यांनी त्यांच्याकडून शिकावे.

उजेड. स्टुडिओला उत्तरेची खिडकी हवी, हा नियम युरोपातून आला. तिकडे उत्तरेच्या खिडकीत ऊन जवळजवळ येतच नाही, म्हणून पडछाया तासन्‌तास हलत नाही. ठाणे सुमारे १९.२ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस इथे शून्य सावलीचा दिवस येतो आणि त्या दोन दिवसांच्या मधल्या काळात भर दुपारचा सूर्यसुद्धा किंचित उत्तरेला असतो. मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत सकाळी लवकर आणि संध्याकाळी उत्तरेच्या खिडकीतून तिरपे ऊन घरात शिरते. म्हणजे मे महिन्यात पुस्तकातला नियम पाळून उत्तरेकडे ग्रुप लावला, तरी सकाळी पडछाया डोळ्यांदेखत सरकते. जुने हात यावर साधा उपाय करतात: पडछायेची कड पेन्सिलने आधी बांधून घ्यायची आणि मग ती कुठेही गेली तरी कागदावर हलवायची नाही.

जूनमध्ये ढग आले की हा प्रश्न मिटतो आणि दुसरा सुरू होतो. पावसाळी उजेड चहूकडून सारखा येतो. पडछाया मऊ आणि बिनकडेची होते, वस्तूंचा गोलपणा कमी होतो. शिवाय नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत गच्चीवर आणि गॅलरीवर निळी ताडपत्री चढते, तिचा निळसर रंग थेट घरातल्या स्टीलच्या भांड्यांवर उतरतो. हा निळा काढून टाकायचा की ठेवायचा, यावर दोन मते आहेत. ठेवावा. ऑगस्टमधल्या ठाण्याची ती खूण आहे. दिवसाउजेडी ट्यूबलाइट लावून काम करणे मात्र टाळावे. खिडकी आणि ट्यूब अशा दोन दिशांनी दोन पडछाया पडतात, एक उबदार आणि एक थंड, आणि नवशिक्या दोन्ही रंगवायला जाऊन चित्राचा चिखल करतो.

बेलापूरला सिडकोसाठी चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात आखलेल्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये घरे छोट्या चौकांभोवती आहेत आणि उघड्या आकाशाखालच्या अंगणाला तिथे महत्त्व आहे. नाव कलाकारांचे, वस्ती सगळ्यांची. अशा अंगणात वरून पडणाऱ्या उजेडात ग्रुप लावला तर पडछाया वस्तूच्या पायाशी गोळा होते. खिडकीच्या उजेडाची सवय झालेल्यांनी हा प्रयोग एकदा तरी करावा.

वस्तू. बाजारहाट हा या कलेचा निम्मा भाग आहे. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात फुले, फळे आणि पूजेचे साहित्य हाताच्या अंतरावर मिळते. नवी मुंबईत वाशीच्या घाऊक फळबाजारात हापूसच्या पेट्या येतात. पेटीतला गवतात अर्धा रुतलेला आंबा हा इथला तयार ग्रुप आहे, वेगळे काही लावावे लागत नाही. जलरंगात आंब्याची एक अडचण ठरलेली: पिवळ्याची छाया करायला हात सवयीने निळ्याकडे जातो आणि आंबा कैरीसारखा हिरवा होतो. छायेसाठी पिवळ्यात बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) किंवा पातळ जांभळा चालतो. देठाजवळची लाली पिवळा ओला असतानाच सोडावी म्हणजे तिला कड येत नाही. मासळीचे गणित आणखी कडक आहे. पापलेटची चांदी तासाभरात फिकी पडते, म्हणून तो बर्फाच्या चुऱ्यावर ठेवतात, आधी मासा रंगवतात आणि सुरी, लिंबू, ताट नंतर. घरच्यांच्या भुकेचे वेळापत्रक वेगळे असते, तेही लक्षात ठेवावे लागते.

स्टीलचा डबा ही मात्र इथल्या आधुनिक स्थिरचित्राची खरी परीक्षा. स्टीलला स्वतःचा रंग नाही. शेजारचे संत्रे, खिडकीचे ग्रिल, समोर बसलेल्या चित्रकाराचा सदरा हे सगळे त्यात पट्ट्यापट्ट्यांनी वाकून उतरते. त्यासाठी ट्यूबमधला काळा आणि पांढरा मिसळून करडा बनवला की डबा सिमेंटचा दिसतो. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणातून हवा तसा थंड किंवा उबदार करडा मिळतो, आणि अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसून जो रवाळपणा येतो तो फुकटचा. सर्वांत उजळ चमक कोऱ्या कागदाची, तिच्या लगतच सर्वांत गडद पट्टा, कड धारदार. हे तीन जमले की डबा चमकतो. मधले टोन थोडे चुकले तरी खपते. दुधाची रिकामी पिशवी, बिसलेरीची बाटली, काचेचा ग्लास या वस्तू स्वतः रंगवायच्याच नसतात. मागचे जे दिसते ते वाकवून रंगवायचे आणि फक्त कडेची जाडी दाखवायची.

काम करण्याची रीत प्रत्येकाची वेगळी. साधारणपणे ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) कापसाचा कागद, मध्यम खरखरीत, पाव इम्पीरियल म्हणजे ११ बाय १५ इंच. क्लासच्या कार्ट्रिज पेपरवर पाणी जास्त झाले की तो फुगतो आणि मग रंग खळग्यांत साचतो. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी १९३१ मध्ये सुरू केलेल्या कॅमलिनच्या ट्यूब इथे जवळजवळ प्रत्येकाने वापरलेल्या असतात. पोस्टर कलरवर हात बसलेल्या मुलाला पारदर्शक जलरंगाकडे वळताना एकच गोष्ट जड जाते: इथे उजळ भाग शेवटी पांढऱ्याने उचलता येत नाही, तो आधीच ठरवून सोडावा लागतो. वाळल्यावर रंग फिका पडतो, म्हणून ओला असताना थोडा जास्तच वाटेल इतका गडद लावायचा.

दमट हवा. ठाण्यात वर्षाला सुमारे २५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि खाडी दोन्ही शहरांच्या कुशीत आहे. जुलैमध्ये एक वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, वाळायला इतका वेळ लागतो की पंख्याखाली ठेवून चहा करून प्यावा, तरी कागद हाताला गारच लागतो. गार लागतो म्हणजे आत पाणी आहे. त्यावर दुसरा थर दिला की खालचा उचलला जातो आणि रंग गढूळ होतो. अर्धवट ओल्यावर थेंब पडला की फुलकोबीसारखा डाग पसरतो. घाई असेल तर हेअर ड्रायर, पण लांबून, नाहीतर रंगाला नको तिथे कड येते. ओल्यावर ओले काम करणाऱ्यांचा मात्र हा सुगीचा महिना. डिसेंबरात ज्या वॉशसाठी धावपळ होते तो जुलैत निवांत करता येतो.

कोरा कागदही पावसाळ्यात बिघडतो. त्यावरचे साइझिंग, म्हणजे रंग लगेच शोषला जाऊ नये म्हणून दिलेला जिलेटिनसारखा थर, ओलीने ठिकठिकाणी मरते. कागद दिसायला चांगला असतो, पण वॉश टाकताच टिपकागदासारखे काळपट ठिपके उमटतात आणि ते पुसता येत नाहीत. म्हणून महागडा कागद मे महिन्यातच प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह बांधून ठेवतात. औषधांच्या आणि बुटांच्या खोक्यांतल्या पुड्या यासाठी जमवून ठेवणारे लोक आहेत. झाकण लावलेल्या ओल्या पॅलेटवर चार दिवसांत पांढरी बुरशी येते, कारण रंगातला गोंद तिला आवडतो; काम झाल्यावर पॅलेट उघडी ठेवून वाळवावी.

चित्र फ्रेम करताना काच कागदाला टेकू नये म्हणून मधे माउंट (पुठ्ठ्याची चौकट) घालतात, नाहीतर ओलीने कागद काचेला चिकटतो. टांगायला आतली भिंत निवडावी. नैर्ऋत्येकडची बाहेरची भिंत पावसाचा मारा खाते, आणि तिच्यावर टांगलेल्या चित्रामागे गणपतीच्या सुमाराला हात फिरवला तर बोटांना ओल लागते.